आबांनी पहिलं इंजिन ओतलं होतं का?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय चौतीस, माहेर कोल्हापूर, नोकरीमुळं मुक्काम पुण्यात. पत्र लांब आहे, थोडक्यात मजकूर असा :

त्यांचे आजोबा, घरातले ‘आबा’, गेल्या वर्षी वारले. शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर म्हणून, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे भरणारा कारागीर म्हणून, त्यांनी उभा जन्म काढला. अडीच महिन्यांवर वर्षश्राद्ध आलंय. त्या दिवशी एक छोटी स्मरणिका काढायचं घरात ठरलं आणि लिहायचं काम ताईंकडं आलं. घरात एक गोष्ट कायम सांगितली जाते, की कोल्हापुरातलं पहिलं ऑइल इंजिन आबांनी ओतलं. वडिलांना ती पहिल्या पानावर हवी आहे. पण आबांची ट्रंक उघडली तेव्हा प्रॉव्हिडंट फंडाची जुनी स्लिप सापडली. तिच्यावर पहिलं साल १९६३ आणि हुद्दा ‘हेल्पर’. कोल्हापुरात इंजिनं तर त्याच्या आधीपासून बनत होती. ताईंनी हे वडिलांना फोनवर सांगितलं. ‘म्हणजे आबा खोटं बोलायचे का?’ एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला, पुढं चार दिवस बोलले नाहीत. काका म्हणतात, गेलेल्या माणसाचं आता कशाला उकरायचं. पणजोबा भुदरगड तालुक्यातलं गाव सोडून कोल्हापुरात का आले, हे विचारलं तर सगळेच विषय बदलतात. आज्जी आहेत, ऐंशीच्या घरात, पण ‘तिला काही आठवत नाही’.

ताई शेवटी लिहितात : ‘ती ओळ छापू की गाळू? गाळली तर आबांबद्दल लिहायला उरतं तरी काय? एकाच ठिकाणी पस्तीस वर्षं वाळू चाळली. ट्रंकेत त्या स्लिपखेरीज एक जुनी थापी निघाली, मूठ झिजलेली. रिटायर झाल्यावर गच्चीवरच्या कुंड्या बघायचे. पाणी घालायच्या आधी माती मुठीत दाबून, मोडून बघायची सवय होती, आम्ही नातवंडं हसायचो. बस, एवढंच.’

ताई, ‘बस, एवढंच’ म्हणून तुम्ही जिथं थांबलात, तिथूनच मला सुरुवात करायची आहे.

माती मुठीत दाबून बघायची सवय आबांना कुंड्यांनी लावलेली नाही. ती मोल्डरची सवय आहे. साच्याची वाळू जमली की नाही, हे हातानं काम करणारा मोल्डर असंच बघतो. मूठभर वाळू घ्यायची, घट्ट दाबायची, मूठ उघडायची. वाळूवर बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत. मग तो गोळा मधोमध मोडायचा. कडा न ढासळता मोडला तर वाळू जमली. हाताला चिकटली तर पाणी जास्त झालं. ओल जास्त असली की तापलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आत पडताच पाण्याची वाफ होते, तिला बाहेर जायला वाट मिळाली नाही तर ती बिडात शिरते आणि गार झालेल्या कास्टिंगला आतून भोकं पडतात. वाळू कोरडी राहिली तर साचा ढासळतो, वाळूचे कण बिडात जातात. दोन्हीकडं माल रिजेक्ट. तुम्ही नातवंडं गच्चीवर हसत होता, तेव्हा आबा तुमच्या डोळ्यांदेखत आपलं काम करून दाखवत होते. हसल्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. पोरं हसतातच, आणि आबांनी ती सवय सोडली नाही यातच सगळं आलं.

‘वाळू चाळली’ हे तुम्ही फार पटकन लिहून टाकलंत. जरा जवळ जाऊन बघा. इंजिनाचा जो भाग हवा त्याचा लाकडी पॅटर्न सुतार करून देतो, किंचित मोठा, कारण बीड गार होताना आकसतं. लोखंडी पेटीत पॅटर्न ठेवायचा, भोवती वाळू भरायची, ठासायची. कमी ठासली तर साचा फुगतो, जास्त ठासली तर वाफ कोंडते. मग पॅटर्न असा अलगद उचलायचा की वाळूची एक कड पडता कामा नये. पडलीच, तर ती कड पुन्हा घडवायला हातात असते थापी. तीच, मूठ झिजलेली. सिलिंडरसारखी पोकळी हवी तिथं वाळूचाच कोअर, म्हणजे गाभा, बसवायचा. वरची पेटी खालच्या पेटीवर तंतोतंत बसवायची. असे साचे भरून ठेवायचे आणि भट्टी लागली की ओतायचं. कोक, कच्चं बीड, भंगार आणि चुनखडी घातलेल्या उभ्या भट्टीतून तेराशे अंशांच्या पुढं तापलेला रस बाहेर येतो. तो पात्रात घेऊन दोघांनी दांडीला धरून उचलायचा, खाली पडलेल्या सामानात पाय न अडकू देता न्यायचा आणि एका धारेत ओतायचा. धार मध्येच तुटली तर आधीचा थर गार होतो, नंतरचा त्याला धरत नाही, आणि तिथंच पुढं भेग जाते. हे काम एका माणसानं पस्तीस वर्षं केलं, आणि त्याच्याबद्दल लिहायला काय उरतं, असं तुम्हाला वाटतंय.

शिवाय ते बीड कुठं गेलं तेही बघायला हवं. कोल्हापुरात बनलेल्या ऑइल इंजिनांनी नदीचं, विहिरीचं पाणी उसाला उचलून दिलं. पुढं शेतात वीज पोचली, विजेचे पंप आले, इंजिनांची मागणी ओसरली. इथल्या फौंड्र्या मोटारगाड्यांच्या भागांकडं वळल्या, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती वाढल्या. तुमच्या आबांची नोकरी बरोबर या बदलातून गेलेली दिसते. नव्या मालाचे साचे त्यांना नव्यानं शिकावे लागले का? त्यांच्याबरोबरचं कुणी घरी बसलं का? स्मरणिकेला हा मजकूर पुरून उरेल.

आता त्या स्लिपकडं वळू. कागदावरचं खरं आणि घरातलं खोटं, असं तुम्ही धरून चाललाय. शिकलेल्या माणसांचं असं होतं, माझंही व्हायचं. पण प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा. सुरुवातीला पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. १९६० च्या दुरुस्तीनं ही मर्यादा वीसवर आली. एखाद्या शेडमध्ये दहा-बारा माणसं राबत असतील, तर त्यांच्या नावानं स्लिप निघायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे १९६३ हे आबांच्या खात्याचं पहिलं साल. त्यांच्या हाताला वाळू पहिल्यांदा कधी लागली, हे त्या स्लिपला ठाऊक नाही. हुद्द्याचंही तसंच. कागदावर हेल्पर आणि प्रत्यक्षात पेटी भरणारा, असे कितीतरी लोक असायचे, कारण हुद्दा बदलला की पगार बदलतो.

शाळेचा दाखला सापडला तर त्यावरची जन्मतारीखही अशीच सांभाळून घ्या. ती १ जून असली तर तो आबांचा खरा वाढदिवस असेलच असं नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईबापांना तारीख ठाऊक नसायची, गुरुजी अंदाजानं साल धरून १ जून लिहून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रात त्या पिढीतली निम्मी माणसं १ जूनला जन्मली की काय असं वाटावं, इतके हे दाखले आहेत.

पण म्हणून घरातली गोष्ट खरी ठरली, असं मी म्हणणार नाही. स्लिप बाजूला ठेवली तरी ‘कोल्हापुरातलं पहिलं’ याला आधार मिळत नाही. इथल्या यंत्रोद्योगाच्या इतिहासात म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांची नावं आदरानं घेतली जातात. त्यांच्यामागंही ओतणारे, ठासणारे, भट्टी लावणारे हात होते. पहिल्या इंजिनाचा मान आपण बेधडक आपल्या घरात आणला, तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी आबांकडून काढून घेतलेला असतो. त्यांची नातवंडंही याच शहरात राहतात, आणि स्मरणिका चार घरं फिरतेच.

एक गोष्ट मात्र मला खटकली. पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘सांगितली जाते’. कोण सांगतं? आबा स्वतः कधी म्हणाले होते का? वडिलांनी ‘म्हणजे आबा खोटं बोलायचे का’ विचारलं आणि तुम्हीही तो प्रश्न तसाच उचललात. पण आबांनी ते म्हटल्याचं तुमच्या पत्रात कुठंच नाही. कदाचित आबा म्हणाले असतील, ‘आमच्या फौंड्रीतलं पहिलं इंजिन मी ओतलं.’ कदाचित, ‘मी ओतलेलं पहिलं इंजिन अमक्या गावाला गेलं.’ एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना मधले दोन शब्द गळाले, एवढ्यानंही अशी गोष्ट तयार होते. त्यात खोटं कुणीच बोललेलं नसतं.

म्हणून वडिलांशी पुन्हा बोला, पण फोनवर नको. शेजारी बसून बोला, आणि हे खरं आहे का, असं विचारू नका. ही गोष्ट तुम्ही पहिल्यांदा कधी ऐकली, कुणाकडून, तेव्हा तुम्ही कितवीत होता, असं विचारा. मोल्डरच्या पोराला शाळेत कुणी काय म्हटलं असेल, त्यावर त्यानं घरी येऊन काय विचारलं असेल, त्याला काय उत्तर मिळालं असेल, हे तुम्हाला आणि मला ठाऊक नाही. वडील चार दिवस बोलले नाहीत ते इंजिनासाठी नव्हे, असं मला वाटतं. ही गोष्ट त्यांनी लहानपणापासून जपली आहे. ती काढून घ्यायची तर हातात दुसरं काहीतरी ठेवून काढून घ्या. मुठीतल्या वाळूची गोष्ट आधी त्यांना सांगा.

राहिली ओळ छापायची की गाळायची. जशीच्या तशी छापू नका. गाळूही नका, कारण घर आबांकडं कसं बघत होतं हे त्या एका ओळीत आहे, आणि तोही घराचा इतिहासच. सांगणाऱ्याच्या नावानं छापा. साधारण अशी : ‘आमच्या घरात सांगतात, की कोल्हापुरातलं पहिलं ऑइल इंजिन आबांनी ओतलं. पप्पांनी ही गोष्ट सहावीत असताना अमक्याकडून ऐकली. आबांच्या कागदांवर १९६३ पासूनची नोंद मिळते.’ तीन वाक्यं, शेजारीशेजारी. खुलासा नको, दुरुस्ती नको. पहिल्या पानावर मात्र ती नसावी. पहिल्या पानावर कुंडीतली माती असू दे. हे माझं मत, शेवटी घर तुमचं आहे.

आता आज्जींबद्दल. तुमच्या लांबलचक पत्रात त्यांच्या वाट्याला एकच वाक्य आलंय : ‘तिला काही आठवत नाही.’ तुम्ही त्यांना काय विचारलंत? ‘आज्जी, आबांबद्दल सांग ना’ असंच ना? एवढ्या मोठ्या प्रश्नावर कुणीही गप्प होईल. मला उद्या कुणी ‘तुमच्या आईबद्दल सांगा’ म्हटलं तर माझ्याही तोंडून शब्द फुटणार नाही.

आमच्या गल्लीत एक मावशी होत्या, त्यांचे यजमान फौंड्रीत होते. काय आठवतं म्हटल्यावर त्याही म्हणाल्या, ‘काय न्हाई बाई, भट्टीवर जायचे नि यायचे.’ मग मी सहज विचारलं, की कपडे कशानं धुवायचा? मावशी पाऊण तास बोलत होत्या. ‘तिसऱ्या पाण्याला कुठं कापडाचा रंग दिसायचा बघ. शर्टाला ठिणग्यांची भोकं, मोहरी सांडल्यागत. मी आतनं ठिगळं लावायची, भायेर दिसू नयेत म्हणून. पायावर भाजलेलं असलं की मोजा काढून द्यायचे न्हाईत, मला कळू नये म्हणून. मला काय कळत न्हवतं व्हय? पगार झाला की पयला दुकानदार, मग भिशी, उरलं तर आपलं.’ हे ऐकलं तेव्हा मला कळलं, की त्या माणसाच्या नोकरीचा अर्धा भाग या बाईनं केला होता. पहाटे उठून भाकरी कुणी थापल्या, डबा कुणी भरला, रातपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपावा म्हणून पोरांना अंगणात कुणी धरून ठेवलं? आबांचा कामाचा इतिहास लिहिताना आज्जींचं काम त्यातच लिहावं लागेल. वेगळं ‘सहधर्मचारिणीची साथ’ असं प्रकरण करू नका, त्यात बाईचे हात दिसत नाहीत.

तेव्हा प्रश्न लहान ठेवा. डब्यात काय असायचं. सुट्टीच्या दिवशी आबा काय करायचे. भाजलं तर काय लावायचे. आल्या आल्या पाणी मागायचे की चहा. फौंड्रीत त्यांना पहिल्यांदा कुणी नेलं, गावचा की भावकीतला. पगार कुणाच्या हातात द्यायचे. साल विचारू नका, आज्जींच्या पिढीच्या खुणा वेगळ्या आहेत. कोयनेचा भूकंप झाला, डिसेंबर १९६७, त्या पहाटे आबा कुठं होते? बहात्तरच्या दुष्काळात घरात काय शिजत होतं? मोठा मुलगा तेव्हा झाला होता का? अशा चार खुणा मिळाल्या की सालं तुम्हाला मांडता येतील.

फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून फोन पालथा ठेवून द्या. आज्जींचे हात कशात तरी गुंतलेले असू देत, तांदूळ निवडणं, लसूण सोलणं, काहीही. अर्ध्या तासावर जाऊ नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. त्या गप्प झाल्या तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मध्येच दुरुस्त करू नका, साल चुकलं तरी चुकू दे. आणि लिहून काढताना त्यांच्या ‘हुतं’चं ‘होतं’ करू नका. पुस्तकी मराठीत आणलंत की आज्जींचा आवाज त्यातून गेला.

इथं मला माझं सांगितल्यावाचून राहवत नाही. माझे आजोबा गुळवे होते, करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर. ‘त्यांच्या हातचा गूळ’ म्हणून लोक नाव काढायचे, एवढं आम्ही नातवंडांनी मिरवलं. काहिलीतला पाक आला हे ते कसं ओळखायचे, हे मी एकदाही विचारलं नाही. ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी एका दुसऱ्या म्हाताऱ्या गुळव्यानं मला दाखवलं. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळते का बघायची, आणि त्याच घटकेला काहील उतरायची. थोडा उशीर झाला की पाक करपला. माझ्या आजोबांच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं गुळगुळीत होती, त्यांनी गालाला हात लावला की जाणवायचं. ती कशानं तशी झाली हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं. तुमच्याकडं आज्जी आहेत, अडीच महिने आहेत. म्हणून मी एवढ्या कळकळीनं लिहितेय.

आबांच्या बरोबरीचे मोल्डर शोधा. तेही आता ऐंशीच्या आसपास असतील, एकदोघं तरी भेटतील. उद्यमनगरातल्या जुन्या चहाच्या गाड्यावर विचारा, रंकाळ्यावर सकाळी बसणाऱ्या मंडळींत विचारा. त्यांच्याकडं खंडेनवमीचा फोटो आहे का, हे आवर्जून विचारा. कारखान्यात यंत्रांची पूजा झाली की सगळ्यांचा एकत्र फोटो काढायची रीत कितीतरी ठिकाणी होती. मिळाला तर त्याची प्रत काढा आणि त्याच दिवशी डावीकडून उजवीकडं सगळ्यांची नावं त्यांच्याकडून लिहून घ्या. अशा फोटोत मालक मधोमध बसलेला सगळ्यांना ओळखू येतो. कडेला उभ्या असलेल्यांची नावं सांगणारी माणसं संपत चाललीत.

पणजोबांचं गाव सोडणं हा जरा नाजूक भाग. घरातले विषय बदलतात त्याला काहीतरी कारण असणार. कर्ज, भावकीतली भांडणं, दुसरं लग्न, आजार, अशीच बहुधा कारणं असतात. माणसं बोलत नसतील तर आधी कागद बोलते करा. गावच्या तलाठ्याकडं किंवा तहसील कार्यालयात जुने फेरफार मिळतात, म्हणजे गाव नमुना सहा. जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर, कधी आणि कशानं गेली, हे त्यात असतं : वारसानं, वाटणीनं, खरेदीनं की गहाणानं. जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना चौदामध्ये. गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर जपलेलं असलं तर तेही बघा. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला होता, त्यामुळं पणजोबांचं नावसुद्धा एखाद्या रजिस्टरात निघू शकतं. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला विलीन झालं. त्याआधीचे सरकारी कागद संस्थानचे, बरेचसे मोडी लिपीत. ते कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात शोधावे लागतील. मोडी वाचणारी माणसं कोल्हापुरात आहेत, फी ठरवून वाचून घ्या. आणि गावाकडच्या भावकीत विचारा, आपल्याकडं हेळवी येतात का. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या राखणारी ही माणसं. दारात येऊन तुमच्या खापरपणजोबांपर्यंतची नावं घडाघडा सांगतात, नव्या जन्मांची नोंद करून घेतात, धान्य-दक्षिणा घेऊन पुढं जातात.

या वंशावळींत बहुतेकदा बापाकडून मुलाकडं एवढीच नावं चालत येतात. लेकी सापडायच्या तर वारस नोंदीत बघा, त्यातही १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या. मुलींचा हक्क त्या कायद्यानं आला, म्हणून त्यांची नावं लिहिणं भाग पडलं. पुष्कळदा पुढच्याच फेरफारात हक्कसोड असते. आयुष्यात एकदाच कागदावर नाव यावं, आणि तेही हक्क सोडण्यासाठी. आबांना बहिणी असतील तर त्यांची नावं स्मरणिकेत नक्की घ्या.

कागदांतून किंवा बोलण्यातून काही जड निघालं, तर ते सगळं छापायलाच हवं असं नाही. ज्याच्याबद्दल आहे तो किंवा त्याची मुलं हयात असतील, तर त्यांना आधी वाचून दाखवा. त्यांनी नको म्हटलं तर ते पान स्मरणिकेत नको. पण फाडूही नका. वहीत स्वच्छ लिहा, कुणी सांगितलं आणि कोणत्या दिवशी ते लिहा, आणि घरात ठेवा. काकांचं ‘कशाला उकरायचं’ यातही काळजी आहे, ती मला समजते. ‘मी लिहून ठेवते, छापत नाही’ एवढं तुम्ही म्हणालात तर कदाचित काकाच पहिल्यांदा बोलतील.

सापडलेल्या प्रत्येक कागदाचा आजच फोटो काढा, दोन्ही बाजूंनी, आणि तीन वेगवेगळ्या घरांत त्याच्या प्रती ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, तेव्हा कित्येकांच्या ट्रंका पाण्याखाली गेल्या, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, दोन्हींनी जुना कागद कायमचा खराब होतो. ओला झालेला कागद कोऱ्या कागदांमध्ये ठेवून सावलीत वाळवायचा, उन्हात नाही. फोटोच्या मागं नावं पेन्सिलनं लिहा.

छपाईला शेवटचे पंधरा दिवस पुरतील. त्याआधीचे दोन महिने आज्जींना द्या. येत्या शनिवारी कोल्हापूरला जाल तेव्हा स्लिप ट्रंकेतच राहू दे. ती थापी बाहेर काढा, आज्जींच्या हातात द्या, आणि विचारा, आबांनी ही घरी कधी आणली होती.